रानडुकरांचा प्रश्न दिल्लीच्या सभागृहात कसा पोचवायचा

आमचं गाव केळापूर तालुक्यात. एका अंगाला टिपेश्वरचं जंगल, बाकी तिन्हीकडे पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन. तूर कमरेच्या वर गेली की घरातला एक माणूस रोज रात्री वावरात जागलीला असतो. आधी सासरे जायचे, मग मालक, आता मुलगा जातो. माळ्यावर बॅटरी, टिनाचा डबा आणि फटाके. पहाटे जरा डोळा लागला की डुकरांचा कळप धुऱ्यावरून आत शिरतो. सकाळी पाहावं तर ज्वारीची ताटं कणसासकट आडवी, आणि माती नांगरल्यासारखी उलथलेली.

मी पाच वर्षं सरपंच होते. या एका विषयावर जेवढी निवेदनं दिली तेवढी रस्ता, पाणी आणि शाळा मिळून दिली नसतील. सगळ्यांचा शेवट एकच असायचा, ‘तरी आपण यात जातीनं लक्ष घालावं ही विनंती.’ लक्ष घालावं म्हणजे नेमकं काय करावं, हे आम्ही कधी लिहिलंच नाही, कारण खासदाराच्या हाती काय-काय असतं ते आम्हाला माहीत नव्हतं. संसदेचं काम कसं चालतं ते समजून घेतल्यावर माझं निवेदन बदललं. आता मी खासदारांना ‘लक्ष घाला’ म्हणत नाही, ‘हा प्रश्न, या नियमाखाली, या मंत्रालयाला विचारा’ असं लिहून देते. ते कसं करायचं तेच इथं सांगते. तुमचा प्रश्न कापसाचा असेल, रेल्वे थांब्याचा असेल, वाट हीच आहे.

आधी आपला खासदार नक्की करा

आमची पहिली चूक इथं झाली. जिल्हा यवतमाळ, म्हणून ग्रामसभेचा ठराव घेऊन आम्ही यवतमाळ-वाशीमच्या खासदारांकडे गेलो. तिथल्या माणसानं पाणी दिलं, कागद वाचला आणि म्हणाला, ‘बाई, तुमचा तालुका चंद्रपुरात येते.’ खरंच होतं ते. लोकसभेची हद्द जिल्ह्याच्या हद्दीवरून जात नाही, विधानसभेचे सहा मतदारसंघ जोडून आपल्याकडे लोकसभेचा एक होतो. केळापूर तालुका आर्णी विधानसभेत, आणि आर्णी आणि वणी हे दोन्ही चंद्रपूर लोकसभेला जोडलेले. उमरखेड तर हिंगोलीत, म्हणजे थेट मराठवाड्यात. अमरावती जिल्ह्यातलं मोर्शी आणि धामणगाव रेल्वे वर्ध्यात, बुलडाण्याचं मलकापूर रावेरमध्ये. म्हणून जिल्ह्यावरून अंदाज बांधू नका. आपला विधानसभा मतदारसंघ कोणत्या लोकसभेत येतो ते निवडणूक शाखेत विचारून घ्या.

लोकसभेत ५४३ निवडून आलेले सदस्य, त्यांत महाराष्ट्राचे ४८ आणि विदर्भाचे मतदारसंघ १०. दुसरं सभागृह राज्यसभा. तिथं सध्या २४५ जागा आहेत, त्यांतले १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. महाराष्ट्राच्या जागा १९. ह्यांना आपण मत देत नाही, आपले आमदार देतात. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. सदस्य सहा वर्षांसाठी असतो आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश बदलतात. आपल्या उपयोगाची गोष्ट अशी, की राज्यसभेचा खासदार साऱ्या राज्याचा असतो. लोकसभेचे खासदार स्वतः मंत्री असतील तर ते मंत्री म्हणून प्रश्नाला उत्तर देतात, प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी त्या १९ पैकी कुणाकडेही जाता येतं. ही सोय खेड्यात फार कमी लोकांना माहीत आहे.

आणखी एक घोळ आमच्या भागात नेहमी होतो. डिसेंबरात नागपुरात भरतं ते राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन. तिथं विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य येतात. त्याच सुमारास दिल्लीतही संसदेचं हिवाळी अधिवेशन असतं. गावात कुणी म्हणालं ‘अधिवेशनात प्रश्न लावा’, तर कोणतं अधिवेशन हे पहिलं विचारा.

प्रश्न कुणाच्या हद्दीतला

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. संघ सूचीतल्या विषयांवर संसद कायदा करते, म्हणजे संरक्षण, रेल्वे, सीमाशुल्क वगैरे. राज्य सूचीतल्या विषयांवर विधिमंडळ. समवर्ती सूचीवर दोघंही, पण दोन कायदे एकमेकांच्या आड आले तर साधारणपणे संसदेचा चालतो. सगळी यादी पाठ करायची गरज नाही. आपल्या प्रश्नाचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा कोणत्या यादीत बसतो ते पाहायचं.

आमच्या डुकरांच्या प्रश्नाचे तीन तुकडे निघाले. पिकाची नुकसानभरपाई राज्याचा वनविभाग देतो. तिचा दर वाढवायचा तर आमदार गाठायचा, दिल्लीला जाऊन उपयोग नाही. दुसरा तुकडा, उभ्या पिकाला धोका झालेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे ती राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. म्हणजे कायदा संसदेचा, पण सही राज्यातल्या अधिकाऱ्याची. तिसरा तुकडा कलम ६२. एखाद्या भागापुरता, ठरावीक काळापुरता एखादा प्राणी उपद्रवी, म्हणजे मारायला वेगळी परवानगी लागत नाही असा, घोषित करायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर एका वर्षासाठी असे घोषित झाले होते. हा तिसरा तुकडाच संसदेत विचारण्याजोगा.

या कायद्याची जन्मकथा वाचून मला सूचीचा अर्थ खरा कळला. १९७२ मध्ये वन्यप्राणी हा राज्यांचा विषय होता. संसदेला त्यावर हात घालता येत नव्हता. म्हणून राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून ‘तुम्ही करा’ अशी संमती दिली. घटनेच्या कलम २५२ मध्ये तशी सोय आहे. पुढं १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं वनं आणि वन्यप्राण्यांचं संरक्षण समवर्ती सूचीत आलं. हद्दी बदलता येतात, पण त्याची रीत ठरलेली असते.

हा कायदा मोडून काढा असं माझं म्हणणं मुळीच नाही. टिपेश्वरात वाघ आहेत आणि ते राहावेत. पण रात्री कुंपणात चोरून वीज सोडली जाते, त्यात वाघही मरतो आणि बैल सोडायला गेलेला माणूसही. कुंपणाला नुसता हलका झटका देणारं झटका मशीन परवडत नाही म्हणून लोक थेट खांबावरून तार ओढतात. हे थांबायचं तर सरळ मार्ग चालू असला पाहिजे, म्हणून मी हा खटाटोप करते.

सभागृहाच्या हातात काय आहे

पांढरकवड्याच्या बाजारात एका काकाजींनी मला विचारलं होतं, ‘खासदारानं मनावर घेतलं तं एका दिवसात कायदा होते ना जी?’ होत नाही. विधेयक एका सभागृहात मांडतात, त्यावर चर्चा होते, कलमागून कलम मंजूर होतं, मग दुसऱ्या सभागृहात तोच क्रम, शेवटी राष्ट्रपतींची सही. राष्ट्रपती आणि दोन्ही सभागृहं मिळूनच संसद होते. याच वन्यजीव कायद्यातली मोठी दुरुस्ती डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आली. ती संसदीय समितीकडे गेली, ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत मंजूर झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सव्वा वर्षाच्या वर. या काळात आमच्या गावातून एक ओळही कुणी दिल्लीला लिहिली नाही, कारण आम्हाला पत्ताच नव्हता. त्याची मला आजही हळहळ वाटते.

कायद्याशिवाय दुसरी ताकद पैशाची. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो, पण लोकसभेनं खर्चाच्या मागण्या मंजूर केल्याशिवाय मंत्रालयाला खर्च करता येत नाही. अर्थ विधेयक फक्त लोकसभेतच सुरू होतं. राज्यसभेनं १४ दिवसांत ते परत पाठवायचं, तिची सूचना मानायची की नाही ते लोकसभा ठरवते. सरकार ठेवायचं की पाडायचं हेही लोकसभेच्याच हाती. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावात २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. घटना बदलायची तर मात्र दोन्ही सभागृहांत वेगवेगळं विशेष बहुमत लागतं, राज्यसभेला टाळता येत नाही.

आपल्यासारख्यांच्या रोजच्या कामाची ताकद तिसरी, सरकारला जाब विचारण्याची.

प्रश्न लिहून द्या, निवेदन नाही

लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नांचा तास असतो, राज्यसभेत दुपारी १२ ते १. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि खासदाराला उपप्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात, पण तासाभरात थोडेच पुरे होतात. अतारांकित प्रश्नांची उत्तरं लेखी, दिवसाला २३० पर्यंत. आपल्यासाठी मी अतारांकितच सुचवीन. सभागृहात गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं तरी लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं, ते कायमचं नोंदीत राहतं, आणि ते उत्तर घेऊन आपण वनविभागात जाऊ शकतो.

लिहिण्याआधी शोधा. माझी पुतणी एमपीएससीचा अभ्यास करते, तिनं मोबाइलवर संसद डॉट इन हे संकेतस्थळ उघडून दिलं. तिथं जुने प्रश्न आणि त्यांची उत्तरं मंत्रालयाप्रमाणे सापडतात. रानडुक्कर आणि रोही यांच्यावर देशभरच्या खासदारांनी आधीच किती विचारलंय ते पाहून मी थक्क झाले. उत्तरांत बहुधा कलम ११ चे अधिकार राज्याकडे आहेत असं लिहिलेलं. तेवढंच आपण पुन्हा विचारलं तर तेच उत्तर परत येणार. म्हणून त्या उत्तराच्या पुढचा प्रश्न काढायचा.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘शेतकरी हवालदिल झाला असताना सरकार झोपलं आहे काय?’ असा प्रश्न लोकसभेच्या सचिवालयात टिकत नाही. प्रश्नात युक्तिवाद, आरोप, विशेषणं चालत नाहीत, आणि तो सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. शेवटी आम्ही असा लिहिला:

‘पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री पुढील बाबी सांगतील काय: (अ) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ६२ खाली रानडुक्कर अथवा रोही यांना विशिष्ट क्षेत्रापुरते उपद्रवी घोषित करण्याचा प्रस्ताव गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्र शासनाकडून प्राप्त झाला आहे काय, (आ) असल्यास, त्याचा जिल्हानिहाय तपशील आणि त्यावर केलेली कार्यवाही, (इ) असे प्रस्ताव निकाली काढण्यासाठी मुदत निश्चित केली आहे काय, (ई) नसल्यास, त्याची कारणे?’

यातला (अ) भाग महत्त्वाचा. उत्तर ‘नाही’ आलं, तर राज्यानं प्रस्तावच पाठवला नाही हे कागदावर येतं, आणि मग तोच कागद घेऊन आमदाराला नागपूरच्या अधिवेशनात विचारायला सांगता येतं. उत्तर ‘हो’ आलं, तर अडलंय कुठं ते (आ) मधून कळतं. दोन्हीकडून आपला पाय पुढंच पडतो. ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ हे दोन्ही दरवाजे प्रश्नात ठेवायला विसरू नका.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी सचिवालयात जावी लागते, प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, आणि सूचना जास्त आल्या की क्रमांक चिठ्ठीनं लागतो. वर्षात साधारण तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये असं घटनाच सांगते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन जाणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर जाणं. महिना-दीड महिना आधी कागद खासदारांच्या स्वीय सहायकाच्या हाती द्या, पोच घ्या. मराठीसोबत हिंदी किंवा इंग्रजी मसुदाही जोडा, त्यांचं काम हलकं होतं आणि आपल्या शब्दांचा अर्थ बदलत नाही.

दुसऱ्या वाटा

प्रश्न माहिती काढतो, पण म्हणणं मांडायला वेगळी आयुधं आहेत. लोकसभेत नियम ३७७ खाली खासदार एखादा सार्वजनिक विषय लेखी मजकुरातून मांडतात, २५० शब्दांपर्यंत, आणि मंत्री नंतर लेखी कळवतात. राज्यसभेत त्याला विशेष उल्लेख म्हणतात. तातडीचा विषय असेल तर शून्य प्रहर, दोन-तीन मिनिटांत बोलायचं. खासदाराला सभागृहात मराठीतही बोलता येतं, भाषांतराची सोय असते.

खासगी सदस्याचं विधेयक कुणी सुचवलं तर आनंदानं होकार द्या, पण त्यावर विसंबू नका. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकंच कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. त्यातून चर्चा होते, तेवढा त्याचा उपयोग.

याचिका ही मात्र आपल्या हातातली गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. कोणताही नागरिक लोकसभेला उद्देशून याचिका करू शकतो. ती हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत असेल तर सोबत सही केलेलं भाषांतर. भाषा सभ्य, प्रत्येकाचं पूर्ण नाव-पत्ता, सही किंवा अंगठा, शेवटी नेमकी मागणी. सोबत फोटो, पंचनामे, जुनी पत्रं काहीच जोडायचं नाही, नियमातच मनाई आहे. म्हणून जे काही आहे ते मजकुरातच यावं. न्यायालयात चालू असलेला किंवा राज्याच्या अखत्यारीतला विषय चालत नाही. खासदारानं प्रतिस्वाक्षरी करून ती सादर केली की याचिका समिती तपासते आणि मंत्रालयाकडून म्हणणं मागवते. आम्ही सह्या घेत फिरलो तेव्हा दोन म्हाताऱ्या बायांनी अंगठा द्यायला नको म्हटलं, ‘आमचा अंगठा दिल्लीत कोण पाह्यते’ म्हणून. नियमात अंगठा सहीइतकाच धरला जातो हे सांगितल्यावर दोघींनी पदराला बोट पुसून शाईत बुडवलं.

समित्यांवरही नजर ठेवा. संसदेत २४ विभागीय स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. विधेयक समितीकडे गेलं की समिती बरेचदा जाहिरात देऊन लोकांकडून सूचना मागवते, मुदत थोडीच असते. इथं आरडाओरडा नसतो, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. आपल्या पिकाच्या, जंगलाच्या, पाण्याच्या विषयाची समिती कोणती ते एकदा लिहून भिंतीला लावा आणि महिन्यातून एकदा कुणा शिकलेल्या पोराला संकेतस्थळ पाहायला सांगा.

निधीचं एवढंच सांगते. खासदार निधी वर्षाला पाच कोटी असतो, कामाची शिफारस खासदार करतात, मंजुरी आणि अंमल जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. समाजमंदिर, रस्ता, पाण्याची टाकी त्यातून होते. कायद्याचा प्रश्न घेऊन जाताना त्याच कागदावर समाजमंदिराची मागणी लिहू नका. वेगळा अर्ज करा. एकत्र लिहिलं की समाजमंदिर तेवढं उचललं जातं आणि डुकरं राहून जातात. आमचं एकदा तसंच झालं.

उत्तर आलं की पुढं काय

उत्तर हाती आलं की शब्द नीट वाचा. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल’, ‘तपासून पाहू’, असं मंत्र्यांनी लिहिलं असेल तर ते आश्वासन ठरू शकतं. दोन्ही सभागृहांची सरकारी आश्वासनांवरची समिती असते आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. ती तारीख दिनदर्शिकेवर लाल पेनानं लिहा. तीन महिने उलटले की त्याच खासदारांना एक ओळीचं पत्र द्या, ‘अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या प्रश्नातलं आश्वासन अपुरं आहे, आश्वासन समितीकडे विचारणा करावी.’ प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

माझ्याकडे यासाठी एक निळी फाइल आहे. वर ग्रामसभेचा ठराव, मग प्रश्नाचा मसुदा, पोच, छापलेलं उत्तर, आणि शेवटी वावरांची यादी, गट क्रमांकासह, कुणाचं किती गुंठे कोणत्या रात्री गेलं ते. ती यादी मुलगा लिहितो, जागलीवरून आल्यावर चहा व्हायच्या आत. हिवाळी अधिवेशनासाठीचं पाकीट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तूर फुलावर यायच्या आधी, चंद्रपूरला पोचलं पाहिजे. यंदा ते घेऊन तोच जाणार आहे.